शांत झाला म्हणजे काय

अमरावती
१२ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांच्या चरणी शिवमचा साष्टांग प्रणिपात.

पत्र पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. फोनच करणार होतो. परंतु तोफांनी आपले दोन्ही कान नेल्यापासून आपण फोनवर नुसते ‘हाव, हाव’ म्हणता आणि मामींनी मागाहून विचारले तर भलतेच सांगता, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून लिहिण्याचे योजिले.

विषय असा की, मी लष्करातील धर्मगुरूच्या पदासाठी अर्ज केला आहे. आपण चोवीस वर्षे तोफखान्यात काढलीत, तेव्हा हे पद आपणांस ठाऊकच असेल. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे सारे असतात. बी.ए. झालेलेच आहे, आणि पाठशाळेतले शास्त्रीचे हे शेवटचे वर्ष. धावण्याची चाचणी पार पडली. लेखी परीक्षा पुढील महिन्यात आहे. निवड झाल्यास थेट नायब सुभेदार.

आपणांस खरे ते सांगतो. गावात माझ्याकडून कोणी सत्यनारायणसुद्धा सांगून घेत नाही. सहा वर्षे शिकलो, उच्चार गुरुजींसारखे आहेत, पण लोकांच्या लेखी मी महादेवरावांचा, वावरवाल्याचा पोरगा. मागच्या श्रावणात शेजारच्या काकूंनी पूजेला दर्यापुराहून महाराज आणले आणि मला त्यांच्या हाताखाली फुले द्यायला बसवले. फौजेत पंडिताला कोणी कुळ विचारत नाही असे ऐकून आहे.

बाबा म्हणाले, घरात फौज पाहिलेला माणूस एकच, खुशालराव हो म्हणतील तर जा. आई तर आपल्या शब्दाबाहेर कधीच नव्हती. तेव्हा सर्व आपल्या हाती आहे. पंडिताला तिथे नेमके काय करावे लागते, तेही कळवावे.

आपला आज्ञाधारक भाचा,
शिवम

*

अकोला
२० जानेवारी

पोरा शिवम, आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. दोनदा वाचा लागलं. प्रणिपात, योजिले, हे काय लावलं बे? सीमाच्या पोटी जन्मला तू, वऱ्हाडात वाढला, अन् मामाले असं लिहून राहिला जसा कोर्टात अर्ज करतो. सहा वर्षांत त्या पाठशाळेनं तुही जीभच बदलून टाकली वाटते.

नायब सुभेदार. वा रे पठ्ठ्या. मी चोवीस वर्षं तोफेच्या मागं मातीत लोळलो तवा हवालदार झालो, अन् तू घंटी वाजवून माया वरचा साहेब. तुया मामीले सांगितलं तं ती लय हासली. तिले आनंद झाला, हे बी सांगून ठेवतो.

आता इचारलं म्हणून सांगतो. पंडित मंदिरात आरती करते, सणावारी प्रसाद वाटते, ते समदं सोपं. आमच्या बॅटरीत, म्हणजे तोफांच्या तुकडीत, गढवालचे पंडितजी होते, बुटके, दम्याचे. त्याइचं खरं काम मंदिराच्या बाहेर होतं. दवाखान्यात पडलेल्याच्या खाटेपाशी बसायचं. ज्याले शिक्षा झाली त्याच्या कोठडीत जायचं. अन् जवान गेला तं त्याचं शेवटचं करायचं, त्याच्या घरच्याइले काय सांगायचं ते ठरवायचं. समोरचा शीख असो का मुसलमान, त्याचा मौलवी नसला तं पंडितच त्याच्यापाशी बसते.

तुले मंत्र येतात, ते मले मालूम आहे. मरणाऱ्या माणसापाशी बसता येते का? हे मले मालूम नाही, अन् तुलेही नाही.

म्हणून माही एक अट आहे. अमरावतीले मोठा दवाखाना आहे. दर रविवारी तिथं जाय. गंध लावून जाऊ नको. मंत्र म्हणू नको. कोणाचं कोणी नसेल त्याच्यापाशी नुसता बस, पाणी दे, बोलला तं आयक. दोन महिने कर. मंग मी महादेवरावले हो म्हणतो.

खुशाल मामा

*

अमरावती
९ मार्च

मामांना नमस्कार.

तुम्ही रागावलात म्हणून साधे लिहितो. तरी मधून मधून पाठशाळा डोकावेल, सांभाळून घ्या.

सहा रविवार झाले. पहिले दोन मी नुसता भिंतीला टेकून उभा होतो. तिसऱ्या रविवारी चिखलदऱ्याकडचे देवमन नावाचे म्हातारे म्हणाले, “उभा काहून रायतं, बस.” मग बसलो. त्यांना कोणी भेटायला येत नव्हते. ते मला त्यांच्या बैलांची नावे सांगत राहिले, मी ऐकत राहिलो. चौथ्या रविवारी त्यांची खाट रिकामी होती. परिचारिकाबाई म्हणाल्या, बरे होऊन घरी गेले. मला इतका आनंद झाला की तिथेच डोळ्यांत पाणी आले.

आता वॉर्डातल्या बायका मला महाराज म्हणतात. मामा, खोटे कशाला बोलू, बरे वाटते. परवा एकीने लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. गावात जे सहा वर्षांत झाले नाही ते इथे सहा रविवारांत झाले. गुरुजी म्हणतात, वाणी शुद्ध असली की माणूस आपोआप मानतो.

लेखी परीक्षा चांगली गेली. निकाल लागला की मुलाखत. अट पूर्ण व्हायला दोन रविवार राहिले, मग तुमच्या होकाराची वाट पाहतो.

शिवम

*

अकोला
२० एप्रिल

शिवम,

सवा महिना झाला, तुही चिट्ठी नाही. दोन रविवार म्हणला होता, त्याचे पाच-सहा होऊन गेले. मी हो म्हणायले बसलो अन् विचारणाराच गायब.

काल सीमाचा फोन आला, मामीनं घेतला. म्हणे पोरगा गादी-पेटी घेऊन घरी आला, कोणाशी बोलत नाही, वावरात जाऊन बसते. मुलाखतीचं बोलावणं आलं ते पाकीट बी भिंतीतल्या देवळीत तसंच ठेवलं, फोडलं नाही. लेखी पास झाला अन् असा बसला?

काय झालं ते लिही. शिव्या नाही देणार.

मामा

*

घरून, दर्यापूर तालुका
२८ एप्रिल

मामा,

मी जाणार नाही. तुम्ही आता हो म्हणू नका.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वॉर्डात किशोर नावाचा माणूस आला. शेंदूरजनाघाटचा, तिशीचा. संत्र्याची ट्रॉली अंगावर उलटली, छाती चेपली होती. त्याची बायको दामिनी त्याच्यापाशीच असायची. शनिवारी लहान मुलीला ताप आला म्हणून ती एका दिवसासाठी गावी गेली. रविवारी, तेवीस तारखेला, मी गेलो तेव्हा किशोर फार तडफडत होता, ओरडत होता, नळ्या ओढत होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. हळूहळू त्याला झोप लागली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. परिचारिकाबाईंचे हात गुंतले होते, त्या म्हणाल्या, महाराज तुम्ही घ्या. दामिनी होती. तिने विचारले, कसे आहेत. मी म्हणालो, “चिंता करू नका. ते आता शांत झाले आहेत.”

तिने विचारले, “कधी?”

मी म्हणालो, “आत्ताच. दहा मिनिटं झाली.”

फोन बंद झाला. मला वाटले, रेंज गेली.

मामा, मी आपल्याच मातीतला. आपल्याकडे दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. माणसालाही तेच म्हणतात. आजी गेली तेव्हा मी स्वतः गावभर सांगत फिरलो होतो, आजी शांत झाली म्हणून. आणि तरी त्या दिवशी मला ते ऐकूच आले नाही. मी पाठशाळेतला शब्द बोललो. तिने घरचा ऐकला.

तीन तासांनी जीपभर माणसे आली. दामिनी पुढे होती. हात मोकळे, कपाळ मोकळे, मनगटावर काच लागून रक्त आलेले. आणि किशोर जागा झाला होता. त्याने तिच्या हातांकडे पाहिले. मग मागच्या माणसांकडे पाहिले. एका म्हाताऱ्याने हातातले पांढरे कापड पाठीमागे घेतले, पण ते त्याला दिसले होते. तिने त्याला सांगितले की भांडी घासताना बांगड्या फुटल्या.

मी पाया पडलो, सगळ्यांच्या पडलो. त्यानंतर रोज जात होतो. गुरुवारी दुपारी किशोर गेला. त्याची आई वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाली, “याच्या तोंडानं माहा लेक नेला.”

गुरुजींना सांगितले. ते म्हणाले, शब्द चुकला नाही, ऐकणारा चुकला, तू मनाला लावून घेऊ नकोस. त्याच दिवशी मी पेटी उचलली.

जो माणूस एका बाईला तिचा नवरा जिवंत आहे हे नीट सांगू शकला नाही, त्याने फौजेत जाऊन काय सांगायचे? बाबा काही विचारत नाहीत. पाकीट देवळीतच आहे.

शिवम

*

अकोला
६ मे

शिवम,

तुहं पत्र वाचलं अन् दोन दिवस ते हातात घेऊनच बसलो. मामीले वाटलं बीपी वाढला.

ज्या गोष्टीले छब्बीस वर्षं झाली, जे तुया मामीलेही मी सांगितलं नाही, ते आता तुले सांगतो. सांगायची लाज वाटते. पण तू आपली लाज सांगितली, मंग माही काहून ठेवू.

लढाईचा तो उन्हाळा. आमच्या तोफेवर चंद्रभान होता, मुर्तिजापूरकडचा, माया जिल्ह्यातला. दोघंच वऱ्हाडी, म्हणून एका ताटात जेवणारे. तो गेला. ढग इतके होते का हेलिकॉप्टर उतरत नव्हतं, बॉडी वर पहाडातल्या चौकीवरच अडकली. तार पोहोचते का नाही, भरवसा नव्हता. साहेबानं मले आधी पाठवलं, त्याच्या मायले सांगायले. निघताना पंडितजी गाडीपाशी आले. म्हणे, “देहलीज पे ही बोल देना, खुशाल. पानी पीने से पहले.” मले वाटलं, बुढा काहीबी सांगते.

तीन दिवसांनी मी त्याच्या दारात उभा राह्यलो. मैनाबाई, त्याची माय, विधवा, एकटी. मले पाह्यलं तं तिचं तोंड असं फुललं. पहिले पाणी दिलं. मी पेलो. मंग म्हणे थकून आला, चंद्रभानचा दोस्त तू, जेवल्याबिगर कसा जाशील. चूल पेटवली. मी बोलणार होतो, देवाशपथ बोलणार होतो. तिनं झुणका टाकला, भाकरी थापल्या, अन् थापता थापता इचारत होती, तो जाडा झाला का, दाढी ठेवते का. मी हो म्हणत गेलो. जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. हात धुतला, अन् मंग सांगितलं.

ती रडली नाही. उठली, गुंडभर पाणी घेतलं अन् चुलीत ओतलं. म्हणे, “माया घरात सुतक होतं, अन् तू मले सैपाक करायले लावला.”

त्याच्यानंतर ती मायासंग बोलली नाही. अंत्ययात्रेत सारा गाव होता, मी मागं उभा होतो. तिथून आजपर्यंत मी त्या गावाले गेलो नाही. इथून दीड तासाचा रस्ता आहे. माया मंदिरात न जाण्याची तुमी समदे चेष्टा करता. मले घंटी वाजवायची हिंमतच होत नाही, एवढंच आहे ते.

आता तुही गोष्ट. तू चुकला, हे खरं. तुया गुरुजीचं आयकू नको. आयकणारी बाई चुकली नाही, तूच चुकला. पण तू शब्दात चुकला. मी भ्यालो. चुकणाऱ्याले दुसऱ्यांदा नीट बोलता येते. भिऊन बसला तं मायासारखा बुढा होईस्तोवर बसून राहतो.

शेंदूरजन्याले जाय. उंबरठ्यावर बोल. पाणी दिलं तरी पहिले बोल, मंग पे. माफी मागू नको, माफी मागणं म्हणजे पुन्हा तिलेच काम सांगणं. जे झालं ते आपल्या भाषेत सांग.

अन् एक. तू लिहिलं, गुरुवारी दुपारी किशोर गेला. एवढंच लिहिलं. तवा तू कुठं होता, हे तुया पत्रात नाही. मी फौजी आहे, कोणता माणूस कुठं उभा होता हे मी पहिले पाहतो. काय लपवून राहिला?

मामा

*

गाव
३ जून

मामा,

जाऊन आलो.

पहिले तुमी इचारलं त्याचं उत्तर. गुरुवारी दुपारी मी त्याच्यापाशीच होतो. हे मी घरी सांगितलं नाही, गुरुजीले नाही, तुमालेही नाही. दामिनी खाली औषधाच्या दुकानात गेल्ती. किशोरचा दम उखडला. म्हणे दामिनीले बोलाव. मी उठलो तं त्यानं माहा हात धरला अन् सोडलाच नाही. मी डॉक्टरले आवाज दिला, ते धावत आले. दुकान जिन्याच्या खालीच होतं, दोन मिनिटं लागली असती. पण हात सोडवून जायचं माया जिवावर आलं. मी बसलो. पाव घंट्यात तो गेला. मंग ती वर आली, हातात पिशवी.

हे मले खात होतं, मामा. फोनच्या चुकीपेक्षाही जास्त.

शेंदूरजन्याले उतरलो तवा अकरा वाजले होते. संत्र्याच्या बागेत पाणी सोडलं होतं. दारात त्याची माय बसली होती. तिनं मले वळखलं अन् तोंड फिरवून आत गेली. दामिनी आली. तिच्या मागं पोरगी होती, पदर धरून. दामिनीनं तांब्या आणला. मी घेतला नाही. उंबरठ्याबाहेरूनच बोललो. म्हणलं, मी फोनवर बोललो तो. तुमी बराबर आयकलं, मी चुकीचं बोललो. मी आपल्याच भागातला आहे, तो शब्द मले मालूम होता, तरी बोललो. तुमच्या बांगड्या मायामुळं फुटल्या.

ती उभीच होती. मले वाटलं, आता दार लावते. तिनं तांब्या खाली ठेवला अन् उंबरठ्यावर बसली. मंग बोलली.

“समदे मले म्हणतात, तो शांत गेला. डॉक्टर म्हणते, सासरे म्हणतात, तेरवीले महाराज बी तेच म्हणले. तुमी होते त्याच्यापाशी. खरं सांगा, तो शांत गेला का?”

मामा, तिथं हो म्हणणं लय सोपं होतं. तिलेही बरं वाटलं असतं, मलेही.

मी म्हणलो, “नाही. त्याले दम लागत होता. तो भ्याला होता. दोनदा तुमचं नाव घेतलं, एकदा पोरीचं. तुमाले बोलवायले सांगितलं. मी गेलो नाही, कारण त्यानं माहा हात सोडला नाही.”

ती म्हणाली, “कोणता हात?”

मी उजवा हात पुढं केला. तिनं त्याले हात लावला नाही, नुसती पाहत राहिली. अन् रडली. आतून सासू आली, तीबी तिच्या बाजूले बसली. सासू मले म्हणे, ही नवऱ्याच्या मागं आज पहिल्यांदा रडून राहिली. दोन महिने झाले, सारा गाव शांत गेला, शांत गेला म्हणत होता, मंग ती रडणार कशावर?

जाताना दामिनी एवढंच म्हणाली का, मले वाटतच होतं, तो भ्याला असेल, तो अंधारालेही भेत होता, अन् माणसं मले खोटं पाडत होती. तिनं माफ केलं का नाही मले मालूम नाही. मी मागितली नाही. पाणी पेलो अन् निघालो.

घरी आलो अन् देवळीतलं पाकीट फोडलं. मुलाखत चोवीस जूनले आहे. मी जातो, मामा. घेतलं तं घेतलं, नाही तं त्या दवाखान्यात रविवार आहेतच. तुमी आता हो म्हणा का नाही म्हणा, पण बाबाले तुमच्या तोंडून आयकायचं आहे.

शिवम

*

अकोला
११ जून

महादेवरावले काल मी सोता जाऊन सांगून आलो. हो म्हणलो. तू अन् सीमा घरी नव्हते, तिले तूच सांगजो.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रात मी लिहिली नाही. तुले म्हणलो लपवू नको, अन् मीच लपवलं.

हात धुतल्यावर मैनाबाईले मी सांगितलं, चंद्रभान गेला. तिनं इचारलं, कसा गेला. मी म्हणलो, झोपेतल्या झोपेत, शांत गेला, काही तरास नाही झाला. ते खोटं होतं. चार घंटे लागले त्याले. मी बाजूलेच होतो. मायच्या नावानं ओरडत होता, मी त्याच्या तोंडावर हात ठेवत होतो, आवाज दुश्मनापर्यंत जाईन म्हणून.

बुढी आता पंच्याऐंशीची असेल. मागच्या चार वर्षांत तिनं दोनदा निरोप पाठवला, खुशालले म्हणा एकदा येऊन जाय. मी नाही गेलो. मले वाटे, शिव्या द्यायच्या असतील. तुहं पत्र वाचलं तवापासून मले वाटून राहिलं, तिले शिव्या नसतील द्यायच्या. तिले इचारायचं असेल.

खरं सांगितलं तं या वयात तिले सोसंन का? नाही सांगितलं तं ती तशीच जाईन. मामीले इचारता येत नाही, अन् देवाले इचारायची सवय गेली. तू निवडून आला का नाही, त्याच्याशी मले घेणं नाही. मामा म्हणून मी इचारत नाही.

पंडितजी, मी जाऊ का?

हवालदार खुशालराव